दहा एचपीच्या मोटरचा हिशेब : वीज जाते कुठे आणि ती शोधायची कशी

चालू मोटरच्या शाफ्टकडच्या बाजूला, बॉडीच्या फिन्सवरून जो वारा येतो त्यात हात धरून बघा. गरम लागतो. ती ऊब मीटरमधून मोजून आलेली आहे. दहा एचपीची, म्हणजे ७.५ किलोवॅटची जुन्या धाटणीची मोटर पूर्ण लोडवर साधारण ८.७ किलोवॅट घेते आणि शाफ्टवर ७.५ किलोवॅट देते. मधले १.२ किलोवॅट उष्णता होऊन शेडमध्ये पसरतात. हजार वॅटची इस्त्री मोटरच्या पोटात बसवून सगळी शिफ्ट चालू ठेवावी, तसंच हे.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतेच मेंटेनन्सला लागलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. लॉसेसची, म्हणजे वीज अशी वाया जाण्याच्या वाटांची, पाच नावं त्यांना पाठ असतात. पण समोरच्या मोटरमध्ये त्यातला कुठला लॉस किती, आणि त्यातला आपल्या चुकीने वाढलेला किती, हे कुणी शेजारी उभं राहून दाखवत नाही. मग मोटर गरम झाली की ‘लोड जास्त असेल’ आणि जळली की ‘वाइंडिंग कमजोर होतं’ एवढ्यावर विषय संपतो. मी वायरमन म्हणून कामाला लागलो तेव्हा मलाही तेवढंच सांगितलं गेलं होतं. इथे आपण चार पोलची, तीन फेजची, ४१५ व्होल्टची एक दहा एचपी मोटर घेऊ आणि तिचा हिशेब शेवटपर्यंत नेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, पण अशा मोटरवर तुम्हाला दिसतील त्याच घरातले.

आधी पाच वाटा

स्टेटरच्या (मोटरच्या स्थिर भागाच्या) वाइंडिंगमधून करंट जातो, तांब्याला रेझिस्टन्स असतो, म्हणून ते तापतं. हा स्टेटर कॉपर लॉस. करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे करंट दुप्पट तर लॉस चौपट. शिवाय तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. वाइंडिंग २५ अंश जास्त तापलं तर हा लॉस जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला, आणि त्याने ते आणखी तापलं. हे चक्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा रोटरमधला, म्हणजे फिरणाऱ्या भागातला. इथे स्लिप समजली पाहिजे. चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे फिरतं आणि रोटर त्याच्या मागे राहतो, समजा १४५०. हा ५० फेऱ्यांचा फरक नसता तर रोटरच्या बारमध्ये करंटच आला नसता आणि मोटर फिरलीच नसती. म्हणजे स्लिप हा दोष नव्हे, मोटर तिच्यावरच चालते. पण तिची किंमत मोजावी लागते. हवेच्या फटीतून जेवढी पॉवर रोटरकडे जाते, तिचा स्लिपइतका हिस्सा रोटरच्या बारमध्येच जळतो. ५० भागिले १५००, म्हणजे ३.३ टक्के. मला इंडक्शन मोटरमधली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते : मोटर न उघडता, नुसता स्पीड मोजून आतल्या रोटरचा लॉस सांगता येतो.

तिसरा आयर्न लॉस. स्टेटरच्या लोखंडात चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा पूर्ण उलटसुलट होतं. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा जाते, तो हिस्टेरेसिस. त्याच बदलामुळे लोखंडात भोवऱ्यासारखे करंट फिरतात, तो एडी करंट लॉस. कोर एकसंध न ओतता अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या, एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांचा का करतात, त्याचं कारण हे भोवरे. हा लॉस व्होल्टेजवर अवलंबून असतो, लोडवर फारसा नाही. मोटर रिकामी फिरली तरी तो चालूच.

चौथा बेअरिंगचं घर्षण आणि पंख्याने हवा ढकलण्याचा. पाचवा स्ट्रे लॉस : स्लॉट, दात, हवेच्या फटीतलं वेडंवाकडं क्षेत्र यांमुळे होणारे किरकोळ लॉस एकत्र करून त्याला हे नाव दिलंय. कारखान्यात तो सरळ मोजता येत नाही. पूर्ण लोडच्या इनपुटच्या साधारण दोन टक्के धरून पुढे जायचं.

पायरी पहिली : नेमप्लेट पुसा

खरंच पुसा. तिच्यावर रंगाचे थर असतात, ते थिनरने काढा. किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम, एफिशिएन्सी, पॉवर फॅक्टर, इन्सुलेशन क्लास आणि आयई वर्ग (एफिशिएन्सीची प्रतवारी) वहीत उतरवून घ्या. आपल्याकडे हे वर्ग आयएस १२६१५ या मानकात दिलेत. ७.५ किलोवॅट, चार पोलसाठी आयई-२ म्हणजे किमान ८८.७ टक्के, आयई-३ म्हणजे ९०.४, आयई-४ म्हणजे ९२.६. आयई-१ च्या काळातली मोटर असेल तर ८६ च्या आसपास धरा. आयई वर्ग लिहिलेलाच नसेल, तर मोटर जुनी आहे एवढं तरी कळलं.

मोटर आधी कितीदा रिवाइंड झाली, म्हणजे तिचं वाइंडिंग काढून नवं भरलं, तेही विचारा. बहुतेक ठिकाणी याची नोंद नसते. जुन्या ऑपरेटरला विचारलं तर तो सांगतो, आणि त्याचं म्हणणं सहसा बरोबर निघतं.

पायरी दुसरी : व्होल्टेज, तिन्ही फेजचं आणि योग्य वेळी

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण नव्या माणसाला इथेच सगळ्यात स्वस्तात बचत सापडते.

आधी सावधगिरी. चालू टर्मिनलवर मोजताना रबरी हातमोजे, कोरडे बूट आणि चांगल्या प्रोबचा मीटर हवा. हातात अंगठी किंवा कडं नको, आणि शेजारी दुसरा माणूस हवाच. टर्मिनल बॉक्स मेन स्विच बंद करून, त्याला टाळा लावून, फेज नाही याची खात्री करूनच उघडायचा. पॅनलमध्ये कपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज होईपर्यंत थांबा. शिकाऊ असाल तर हे मोजमाप परवानाधारक वायरमन सोबत असतानाच करा.

आता आर-वाय, वाय-बी, बी-आर अशी तिन्ही व्होल्टेजं घ्या. तिघांची सरासरी काढा. सरासरीपासून सगळ्यात लांब असलेल्या आकड्याचा फरक घ्या आणि त्याला सरासरीने भागा. आला तो अनबॅलन्स.

एका फॅब्रिकेशन शेडमध्ये ब्लोअरची दहा एचपी मोटर वर्षभरात दोनदा जळली होती. दोन्ही वेळा रिवाइंडरला दोष दिला गेला. व्होल्टेज तपासलं होतं, पण सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी, आणि तेव्हा तिन्ही फेज ४१५ च्या आसपास सरळ होते. आम्ही मीटर लावून दुपारपर्यंत थांबलो. दोन्ही वेल्डिंग सेट पेटले की आकडे यायचे ४११, ४०५ आणि ३९३. दोन्ही सेट एकाच दोन फेजवर जोडलेले होते. सरासरी ४०३, सगळ्यात मोठा फरक १०, म्हणजे जवळपास २.५ टक्के अनबॅलन्स.

अडीच टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. पण पूर्ण लोडवर करंटमधला असमतोल व्होल्टेजच्या असमतोलाच्या सहा ते दहा पट होतो. शिवाय तापमानाचा ठोकताळा असा : अनबॅलन्सच्या टक्क्याचा वर्ग करा आणि दुप्पट करा, तेवढे टक्के तापमानवाढ जास्त. अडीचचा वर्ग सव्वासहा, दुप्पट साडेबारा. वाइंडिंग आधी हवेपेक्षा ८० अंश जास्त तापत असेल तर आता ९० अंश तापेल. इन्सुलेशनबद्दलचा जुना ठोकताळा म्हणतो की दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. रिवाइंडर बिचारा बिनचूक होता.

असमतोलाचं नुकसान इतकं का होतं? असमान व्होल्टेजमुळे मोटरमध्ये उलट दिशेने फिरणारं एक छोटं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. रोटर सुलट फिरत असल्यामुळे या उलट्या क्षेत्राच्या दृष्टीने स्लिप जवळजवळ २०० टक्के. ते कामाला हातभार लावत नाही, उलट ब्रेक लावतं, आणि त्याची सगळी पॉवर तांब्या-ॲल्युमिनियममध्ये उष्णता होऊन जाते.

उपाय फुकटातला होता. एक वेल्डिंग सेट दुसऱ्या फेजच्या जोडीवर नेला आणि ब्लोअरची केबल वेगळ्या फीडरवर घेतली. तुमच्याकडेही लाइटिंग, कूलर, सिंगल फेज ड्रिल, ऑफिसचा एसी हे सगळं एकाच फेजवर लोंबकळत नाही ना, ते आधी बघा. अनबॅलन्स १ टक्क्याच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. ५ टक्क्यांच्या वर असेल तर मोटर चालवूच नका.

एखादी फेज पूर्ण गेली, म्हणजे सिंगल फेजिंग झालं, तर तो असमतोलाचा टोकाचा प्रकार. चालू मोटर बऱ्याचदा थांबत नाही, घुमत राहते आणि काही मिनिटांत जळते. म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि योग्य अँपिअरला सेट केलेला ओव्हरलोड रिले हवाच. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा नॉब पुढे सरकवणं हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. ट्रिप होणारा रिले तुम्हाला काहीतरी सांगत असतो, त्याचं ऐका.

तिन्ही फेज समान पण कमी असल्या तरी लॉस वाढतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की त्याच लोडसाठी करंट साधारण अकरा टक्क्यांनी चढतो, म्हणजे स्टेटरचा कॉपर लॉस सुमारे २३ टक्क्यांनी, आणि स्लिपही तेवढ्याच प्रमाणात वाढते. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतीपंपांचं दुखणं हेच. राज्यात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज मिळते, त्यामुळे हा तोटा बिलात दिसत नाही. पण विहिरीवरची मोटर जळाल्यावर ती उपसून रिवाइंडिंगला न्यायचा खर्च, आणि तेवढे दिवस पाण्यावाचून उभं असलेलं पीक, हा तोटा शेतकऱ्याच्याच माथी बसतो.

पायरी तिसरी : मोटरवर खरा लोड किती?

क्लॅम्प मीटर लावायचा, नेमप्लेटच्या अँपिअरने भागायचं, आला लोड. असं सगळे करतात आणि अर्ध्या लोडच्या खाली ते साफ चुकतं. कारण मोटर रिकामी असली तरी चुंबकत्व तयार करायला बराच करंट घेते. आपल्या मोटरचा फुल लोड करंट १४.४ अँपिअर, तर नो-लोड ६ अँपिअर. मीटरने ७ दाखवले म्हणून लोड निम्मा, असं मुळीच नाही. ती जवळजवळ रिकामी फिरत असेल.

स्पीडवरून काढलेला अंदाज यापेक्षा बरा. शाफ्टवर किंवा पुलीवर रिफ्लेक्टिव्ह टेप लावा आणि टॅकोमीटरने मोजा. नेमप्लेट १४५० म्हणते, तुम्हाला १४७० मिळाले. १५०० मधून १४७० गेले, उरले ३०. पूर्ण लोडची स्लिप ५०. तीस भागिले पन्नास, म्हणजे लोड ६० टक्के. एकच अट : फ्रिक्वेन्सी त्याच वेळी मोजायची. ४९.९ हर्ट्‌झ असेल तर सिंक्रोनस स्पीड (चुंबकीय क्षेत्राचा स्पीड) १५०० नसतो, १४९७ असतो, आणि तीस फेऱ्यांच्या हिशेबात तीन फेरे म्हणजे दहा टक्के चूक. व्होल्टेज नेमप्लेटपेक्षा बरंच वेगळं असेल तर तेही धरावं लागतं, कारण स्लिप व्होल्टेजच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे किलोवॅट मोजणारा पॉवर ॲनालायझर. तो नसेल तर गरिबाघरची युक्ती : सुट्टीच्या दिवशी बाकी सगळं बंद करून एकच मोटर नेहमीच्या लोडवर चालवा आणि एनर्जी मीटरवरचा लाल दिवा पाच मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती पल्स, ते मीटरवर छापलेलं असतं. पाच मिनिटांच्या पल्सना बाराने गुणा आणि त्या आकड्याने भागा, किलोवॅट मिळाले. मीटर सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मरवर) असेल तर सीटीचा रेशो गुणायला विसरू नका.

लोड निघाला की निर्णय सोपा होतो. इंडक्शन मोटर साधारण ७५ टक्क्यांच्या आसपास सगळ्यात चांगली चालते आणि निम्म्या लोडपर्यंत तिची एफिशिएन्सी फारशी पडत नाही. त्याखाली मात्र आयर्न लॉस आणि घर्षण तेवढंच राहतं आणि काम कमी होतं. ‘असू दे थोडी मोठी’ म्हणून पाचच्या जागी दहा एचपी बसवायची आपल्याकडे सवय आहे. अशी मोटर कायमच ४० टक्क्यांच्या खाली चालत असेल, तिचं वाइंडिंग डेल्टाचं (तिन्ही कॉइल त्रिकोणात जोडलेलं) असेल आणि सुरू होताना जोर लागत नसेल, तर ती कायम स्टारमध्ये (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडून) चालवून बघा. वाइंडिंगला ५८ टक्के व्होल्टेज मिळतं आणि आयर्न लॉस चांगलाच उतरतो. पण टॉर्कही (फिरवण्याचा जोर) एक तृतीयांश होतो. म्हणून आधी आणि नंतर किलोवॅट मोजा, स्पीड बघा, तासाभराने तापमान बघा. लोड मधूनच वाढत असेल तर हे करू नका.

पायरी चौथी : पाचही वाटांचा हिशेब

आता मोटर सलग दोन-तीन तास चालवून पूर्ण तापवा. लोडवर इनपुट मोजलं ८७२० वॅट, करंट १४.४ अँपिअर, स्पीड १४५०. मोटर बंद करून, टाळा लावून, लगेच दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स घ्या. साधा मल्टिमीटर इथे चालत नाही, लो-रेझिस्टन्स ओहममीटर हवा. तिन्ही जोड्यांची सरासरी आली १.४ ओहम. हीच मोटर सकाळी ३० अंशांवर थंड असताना १.१ ओहम होती.

या दोन आकड्यांतून वाइंडिंगचं तापमान निघतं. तांब्यासाठी २३५ हा आकडा धरतात. ३० मध्ये २३५ मिळवा, २६५. त्याला १.४ भागिले १.१ ने गुणा, ३३७. त्यातून २३५ वजा करा : १०२ अंश. बॉडीवर इन्फ्रारेड गन मारली असती तर तुम्हाला याच्या कितीतरी खालचा आकडा दिसला असता आणि सगळं ठीक वाटलं असतं.

स्टेटर कॉपर लॉस : दीड गुणिले करंटचा वर्ग गुणिले टर्मिनलमधला रेझिस्टन्स. स्टार असो वा डेल्टा, सूत्र हेच. १.५ × २०७ × १.४, म्हणजे ४३५ वॅट.

मग बेल्ट किंवा कपलिंग काढा आणि मोटर रिकामी चालवा. पॉवर ३८० वॅट, करंट ६ अँपिअर. यातही थोडा कॉपर लॉस आहे : १.५ × ३६ × १.४, म्हणजे ७६. तो वजा केला की उरतात ३०४ वॅट. हा आयर्न लॉस आणि घर्षण-वारा एकत्र. मोटर फुल लोडवर चालो की रिकामी, हे ३०४ वॅट चालूच राहणार. समजा त्यातले २२० आयर्नचे, ८४ घर्षणाचे.

रोटर : ८७२० मधून ४३५ आणि २२० गेले, ८०६५ वॅट हवेची फट ओलांडून रोटरकडे गेले. त्याचे ३.३३ टक्के, म्हणजे २६९ वॅट. स्ट्रे साठी दोन टक्के, १७५ धरा.

बेरीज करा : ४३५ + ३०४ + २६९ + १७५ = ११८३ वॅट. शाफ्टवर उरले ७५३७. एफिशिएन्सी ८६.४ टक्के. नेमप्लेटशी जुळली.

पहिल्यांदा हा हिशेब जुळतो तेव्हा फार बरं वाटतं. पण त्याचा खरा उपयोग दुसऱ्या वर्षी होतो. तीच मोटर, तोच लोड, आणि नो-लोड पॉवर ३८० वरून ४८० झाली असेल, तर कोर बिघडलाय किंवा बेअरिंग आवळतंय. बेअरिंग असेल तर आवाज येईल, हात लावला तर तिथेच गरम लागेल, आणि बदललं की आकडा खाली येईल. कोर असेल तर तसं होणार नाही. नो-लोड पॉवर तीच पण त्याच लोडला स्पीड कमी झाला असेल, तर रोटरवर संशय घ्या. बार तुटलेला असेल तर लोडवर अँपिअरचा काटा लयीत पुढेमागे हलतो आणि मोटरच्या आवाजात चढउतार येतो.

रिवाइंडिंग : हळूहळू चढणारं भाडं

मोटर जळली की घाई असते, प्रॉडक्शन थांबलेलं असतं, आणि ‘उद्या संध्याकाळपर्यंत द्या’ म्हणून स्टेटर रिवाइंडरकडे जातो. जुनं वाइंडिंग काढायला ते जाळावं लागतं. ज्याच्याकडे तापमान नियंत्रित करणारी भट्टी नाही तो स्टेटरमध्ये रॉकेल ओतून पेटवतो किंवा गॅस टॉर्च मारतो. कोरचं तापमान ३७० अंशांच्या वर गेलं की पत्र्यांमधलं इन्सुलेशन खराब व्हायला लागतं. पत्रे एकमेकांना चिकटले की भोवऱ्यांना मोकळं रान. मोटर परत येते, चालते, कुणाला काही कळत नाही, पण आयर्न लॉस कायमचा वाढलेला असतो. पुढच्या रिवाइंडिंगला आणखी.

दुसरी गोष्ट तारेची. मूळ गेजपेक्षा बारीक तार स्लॉटमध्ये पटकन बसते. तांब्याचा छेद दहा टक्के कमी झाला तर रेझिस्टन्स अकरा टक्के वाढला. काही जण टर्न कमी करतात. मग कोरमध्ये फ्लक्स (चुंबकत्व) वाढतो आणि नो-लोड करंट उडी मारतो.

रिवाइंडिंगने एफिशिएन्सी पडलीच पाहिजे असं मात्र नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईएसा आणि एईएमटी या अमेरिकी व ब्रिटिश दुरुस्तीदार संघटनांच्या अभ्यासात नीट पद्धतीने रिवाइंड केलेल्या मोटरींची एफिशिएन्सी टिकलेली दिसली. चांगला रिवाइंडर हा कसबी माणूस असतो आणि त्याला चार पैसे जास्त देणं परवडतं. त्याच्याकडून एवढं मागा : मूळ टर्न, गेज, किती तारा समांतर, कॉइल पिच हे सगळं कागदावर. भट्टीत जाळणं, टॉर्च नाही. जाळण्याआधी आणि नंतर कोरची लूप टेस्ट (पत्र्यांमधलं इन्सुलेशन शाबूत आहे का ते बघणारी). व्हार्निशिंग नीट, बेकिंगसह. आणि परत आल्यावर नो-लोड करंट, नो-लोड पॉवर आणि टर्मिनल रेझिस्टन्स तुम्ही स्वतः मोजायचे. जुने आकडे वहीत असतील तरच या मोजण्याला अर्थ आहे, म्हणून मोटर ठणठणीत असताना ते लिहून ठेवा.

नवी कधी घ्यायची?

आपली मोटर वर्षाला ६००० तास, ७५ टक्के लोडवर चालते असं धरू. शाफ्टवर ५.६ किलोवॅट. ८६ टक्क्यांनी वर्षाला साधारण ३९,२०० युनिट लागतात. युनिटला ९ रुपये धरले तर साडेतीन लाखांच्या वर. मोटरची किंमत यापुढे कितीशी! आयई-३ ची ९०.४ टक्क्यांची मोटर लावली तर वर्षाला सुमारे १९०० युनिट वाचतात, म्हणजे १७ हजार रुपये. तुमचे तास आणि तुमच्या बिलातला दर घालून हे पुन्हा करा. दिवसाला दोन तास चालणाऱ्या मोटरीसाठी हाच हिशेब वेगळं उत्तर देईल, आणि ते मान्य करा.

माझा नियम असा आहे : चालू असलेली बरी मोटर उगाच काढायची नाही. पण दहा एचपीपर्यंतची, वर्षाला चार हजार तासांवर चालणारी, आधी दोनदा रिवाइंड झालेली मोटर जळली, तर ती तिसऱ्यांदा रिवाइंडिंगला जात नाही.

नवी मोटर लावताना एक गोष्ट बरेच जण विसरतात. जास्त एफिशिएन्सीच्या मोटरची स्लिप कमी असते, म्हणजे ती किंचित जोरात फिरते. पंप आणि ब्लोअरला लागणारी पॉवर स्पीडच्या घनाने वाढते. जुनी १४४० वर फिरत होती, नवी १४६५ वर फिरली, तर लोड पाच टक्क्यांनी वाढला आणि बचत गिळून बसला. बेल्ट असेल तर मोटरची पुली थोडी लहान करा. थेट कपलिंग असेल तर इम्पेलर ट्रिम करायचा विचार करा. ‘आयई-३ लावली, बिल तसंच आहे’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

काही गैरसमज

कपॅसिटर लावल्याने मोटरच्या आतला एकही वॅट लॉस कमी होत नाही. मोटरला चुंबकत्वासाठी लागणारा रिॲक्टिव्ह करंट कपॅसिटर पुरवतो, त्यामुळे कपॅसिटरच्या मागची केबल आणि ट्रान्सफॉर्मर हलके होतात, पॉवर फॅक्टर सुधारतो. जिथे बिल केव्हीएएचवर (रिॲक्टिव्ह हिस्साही धरून) येतं तिथे याचा फायदा मोठा आणि कपॅसिटर लावायलाच हवा. पण ‘प्लगमध्ये लावा, मोटर तीस टक्के वीज कमी खाईल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर पैसे घालू नका.

व्हीएफडीचंही, म्हणजे मोटरचा स्पीड कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हचंही, तसंच. तो मोटरचा लॉस कमी करत नाही, उलट हार्मोनिक्समुळे थोडा वाढवतो, आणि स्वतःही थोडी वीज खातो. जिथे डँपर किंवा व्हॉल्व्ह आवळून प्रवाह कमी केला जातो, तिथे तो सोनं आहे : ब्लोअर ८० टक्के स्पीडवर आणला तर लागणारी पॉवर निम्म्यावर येते. कायम पूर्ण स्पीडने चालणाऱ्या मशीनला लावून काही हाती लागत नाही.

ग्रीस जास्त भरलं म्हणजे बेअरिंग खूश, असंही नाही. जादा ग्रीस घुसळलं जाऊन तापतं. फिन्समधली धूळ, सुताची लोळी, फाउंड्रीतली वाळू मात्र दर आठवड्याला काढा, आणि फॅन कव्हरच्या जाळीवर फडकं वाळत घालू देऊ नका. गार राहिलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स कमी असतो, हे वर आलंच आहे.

वही

शंभर पानी वही घ्या, प्रत्येक मोटरला एक पान. वर नेमप्लेट आणि रिवाइंडिंगच्या तारखा. खाली रकाने : तारीख आणि वेळ, तिन्ही व्होल्टेज, तिन्ही करंट, फ्रिक्वेन्सी, स्पीड, किलोवॅट, हवेचं तापमान, त्या वेळी शेडमध्ये आणखी काय चालू होतं. हा शेवटचा रकाना सोडू नका, वेल्डिंग सेट त्यातच सापडला होता. सुरुवात सगळ्यात मोठ्या मोटरपासून न करता सगळ्यात जास्त तास चालणाऱ्या मोटरपासून करा. नो-लोड टेस्ट वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या मेंटेनन्समध्ये बेल्ट तसेही उतरवलेले असतात, तेव्हा उरकून घ्या.